२२२ विरुद्ध शून्य

जॉर्जिया टेक म्हटलं की आपल्याला आठवतं जीआरई, एमएस आणि तिकडे गेलेला एखादा सीनियर. पण या इंजिनिअरिंगवाल्यांच्या नावावर एक असा रेकॉर्ड आहे, की पहिल्यांदा वाचलं तर छपाईची चूक वाटावी. ७ ऑक्टोबर १९१६ रोजी अटलांटाच्या ग्रँट फील्डवर त्यांनी अमेरिकन फुटबॉलमध्ये कंबरलँड कॉलेजला हरवलं. स्कोअर २२२-०!

टेकचा कोच होता जॉन हाइजमन. शिक्षणाने वकील, सुट्टीत नाटकात काम करणारा नट आणि १९०४ ते १९१९ अशी तब्बल सोळा वर्षं टेकचा कोच. समोरची टीम कशी होती? कंबरलँडने फुटबॉल बंदच केला होता. पण मॅच ठरलेली होती आणि आले नाहीत तर तीन हजार डॉलर दंड. म्हणून बिचारे जमतील तेवढी पोरं गोळा करून आले. त्याच वर्षी बेसबॉलमध्ये कंबरलँडने टेकला २२-० असं धुतलं होतं, तेही बाहेरचे पैसे घेऊन खेळणारे खेळाडू उतरवून, असं म्हणतात. हाइजमन ते विसरला नव्हता.

पण सूड हे एकच कारण नव्हतं. त्या काळी पेपरवाले टीमचा मोठेपणा एकूण पॉइंट्सच्या बेरजेवर ठरवायचे. समोर कोण होतं, याचा विचारच नाही. हाइजमनला हे मूर्खपणाचं वाटायचं. दुबळ्या टीमवर कितीही पॉइंट्स चढवता येतात, हे त्याला दाखवून द्यायचं होतं.

मुद्दा शंभर टक्के बरोबर. त्याच सीझनमध्ये वॉशिंग्टन अँड ली कॉलेजने टेकला ७-७ असं बरोबरीत रोखलं. म्हणजे २२२ पॉइंट्स करणाऱ्या टीमला तगडा प्रतिस्पर्धी भेटल्यावर सातच मिळाले. बेरजेला काय अर्थ राहिला?

माझी तक्रार पद्धतीबद्दल आहे. पहिल्या क्वार्टरला ६३-०, हाफ टाइमला १२६-०. मुद्दा तर तिथेच सिद्ध झाला होता. पुढचे ९६ पॉइंट्स कोणासाठी? आकड्यांची टिंगल करायला निघालेला माणूस स्वतःच आकडा वाढवत बसला. आणि झालं काय? टिंगल लोक विसरले, आकडा तेवढा राहिला. आजही क्विझमध्ये २२२ विचारतात, त्यामागचं कारण कोणी विचारत नाही.

याच माणसाचं खरं मोठं काम मात्र स्कोअरबोर्डवर दिसत नाही. तेव्हाचा फुटबॉल म्हणजे निव्वळ धक्काबुक्की, सगळे एकमेकांवर तुटून पडायचे. १९०५ च्या एका सीझनमध्ये किमान अठरा जण मेले. खुद्द प्रेसिडेंट रूझवेल्टना लक्ष घालावं लागलं. बॉल पुढे फेकून पास द्यायची परवानगी द्या, खेळ मोकळा होईल, असं हाइजमन कितीतरी वर्षं रूल्स कमिटीच्या मागे लागून सांगत होता. १९०६ मध्ये तो नियम आला आणि हळूहळू खेळाचं रूपच पालटलं. गंमत म्हणजे २२२-० च्या मॅचमध्ये टेकने असा एकही पास टाकला नाही. गरजच पडली नाही!

१९३६ मध्ये हाइजमन गेला, तेव्हापासून अमेरिकेतल्या सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूला त्याच्या नावाची ट्रॉफी मिळते. तो मान पास देणाऱ्या हाइजमनचा आहे, असं मी मानतो.

मित्रांनो, आपणही अ‍ॅग्रीगेटला शिव्या देतो आणि सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल कॉपी करून तोच अ‍ॅग्रीगेट वाढवतो. सिस्टिम चुकीची आहे हे तिच्याच खेळात जिंकून सिद्ध करायला गेलं, तर शेवटी सिस्टिमच जिंकते. तिला बदलायचं असेल तर नियमाच्या मागे लागावं लागतं, वर्षानुवर्षं, चिकाटीने. त्याला टाळ्या कमी पडतात. पण मैदानावर पोरं मरायची थांबवायची असतील, तर रस्ता तोच आहे.