कुत्र्यावर खापर फोडण्याआधी

या आठवड्यात भिलाईच्या सेक्टरांतल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश जोरात फिरला. कुत्र्याने तोंड चाटलं की पोटात जंतू शिरतो, आधी अल्सर, मग कॅन्सर. आमच्या ओळीतल्या एका घराने तो वाचून वर्षानुवर्षं पाळलेला कुत्रा थेट गावाकडे नेऊन सोडला. मला याचा मनापासून राग आला, म्हणून आजचा विषय बदलला.

त्या संदेशातला जंतू पायलोरी, म्हणजे माणसाच्या जठरात अल्सर करणारा नेहमीचा जंतू नव्हे, त्याची भावंडं आहेत. फेलिस, बिझोझेरोनी, सालोमोनिस, हाइलमनी आणि सुइस. कुत्र्याच्या जठरातले असे मळसूत्री जंतू इटलीच्या बिझोझेरो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच पाहिले होते. बहुतेक कुत्र्यामांजरांच्या जठरात ते असतात आणि बहुतेकांना त्यांचा काही त्रास होत नाही. माणसात ते कधीकधी सापडतात, हे खरं. जर्मनीच्या कोनराड हाइलमन यांनी 1991 मध्ये अशा 39 रुग्णांची माहिती छापली, आणि पुढे त्यांचंच नाव एका जंतूला मिळालं. पण या भावंडांपैकी माणसात सर्वांत जास्त आढळतो तो सुइस, म्हणजे डुकराचा. कच्च्या खिम्यात तो दोन दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतो, हे प्रयोगात दिसलं आहे. तेव्हा डुकराचं मांस कापणाऱ्याने हात, सुरी आणि पाट नीट धुवावेत आणि मांस पुरतं शिजवावं. कुत्र्याला घराबाहेर काढून यातलं काहीच साधत नाही.

आता मला ज्याबद्दल खरं बोलायचंय ते. चित्ता, सिंह, वाघ अशा मोठ्या मार्जारांच्या जठरात अ‍ॅसिनोनिकिस नावाचा जंतू असतो. 2006 मध्ये त्याची संपूर्ण जनुकीय मांडणी प्रसिद्ध झाली, तेव्हा तो आपल्या पायलोरीचा सर्वांत जवळचा नातेवाईक निघाला. आणि प्रवासाची दिशा? पायलोरीत शाबूत असलेली कित्येक जनुकं मार्जारांच्या जंतूत तुटून निकामी झालेली दिसली. त्यावरून संशोधकांनी निष्कर्ष काढला की जंतू माणसाकडून मार्जारांकडे गेला, सुमारे दोन लाख वर्षांपूर्वी. बहुधा एखाद्या मोठ्या मार्जाराने माणूस खाल्ला तेव्हा. मैत्रीबाग प्राणिसंग्रहालयात पांढऱ्या वाघापुढे मुलांना उभं करून आपण ‘लांब राहा’ म्हणतो. पोटाच्या जंतूचा हिशेब मांडला, तर देणारे आपण आहोत.

चित्त्याची गोष्ट इथे संपत नाही. पिंजऱ्यातल्या चित्त्यांना जठराचा दाह फार होतो. वजन घटतं, उलट्या होतात, काही त्यातच दगावतात. म्हणून नामिबियाच्या रानातले चित्ते तपासले गेले. जंतू त्यांच्याही जठरात होते, पण गंभीर दाह जवळपास नव्हता. पिंजऱ्यात मात्र जंतू आणि दाह एकत्र. फरक बंदिस्त जगण्याचा, म्हणजे सततच्या ताणाचा, असं अभ्यासक मानतात. सप्टेंबर 2022 मध्ये याच नामिबियातून आठ चित्ते कूनो राष्ट्रीय उद्यानात आले. त्यांना कुंपणाआड किती काळ ठेवायचं यावर वाद चालू होता, तेव्हा मला सारखा हा अभ्यास आठवायचा.

ज्या गावात कारखान्याचा भोंगा जगण्याचं वेळापत्रक ठरवतो, तिथे ही तुलना मला फार बोलकी वाटते. आठवड्याआठवड्याला पाळी बदलणारा, सी शिफ्टमध्ये रात्री दोनला डबा उघडणारा माणूस पोटाच्या तक्रारी घेऊन येतो, तेव्हा आपण जंतू विचारतो, मसाला विचारतो, आता कुत्राही विचारू लागलो. त्याची झोप कोणी विचारत नाही. शिफ्टचा विषय मी पुन्हा उकरून काढला असं वाचक म्हणतील. म्हणोत. चित्त्याच्या जठराने जे दाखवलं ते माणसाच्या जठरालाही लागू पडेल, असं माझं ठाम मत आहे.

कुत्र्याचा दोष नाही म्हणून पायलोरीची ही भावंडं निरुपद्रवी आहेत, असं नाही. माणसात ती दाह करतात, कधी अल्सर करतात, क्वचित जठराचा लिम्फोमाही. पायलोरीवरच्या औषधांसारख्याच औषधांनी ती सहसा जातातही. अडचण ओळखण्याची आहे. त्यांची संख्या कमी आणि ती विखुरलेली, म्हणून श्वासाची किंवा जठराच्या काढलेल्या तुकड्यावरची झटपट चाचणी चुकू शकते. विष्ठेची चाचणी तर पायलोरीसाठीच बेतलेली. खात्रीचा पहिला पुरावा सूक्ष्मदर्शकाखालीच मिळतो. पायलोरीपेक्षा लांब, घट्ट पिळाचा जंतू, सरावलेल्या पॅथॉलॉजिस्टच्या नजरेला लगेच कळतो. त्यात आपण रोज सकाळी डॉक्टरला न विचारता अ‍ॅसिडिटीची गोळी घेतो. ती जंतूंना दाबून ठेवते आणि असलेला जंतू चाचणीत ‘नाही’ ठरतो. या गोळ्या किराणासारख्या विकल्या जाणं थांबलं पाहिजे, हे मी थकेपर्यंत लिहिणार.

सेक्टर नऊचं रुग्णालय आणि अंजोऱ्याचं पशुवैद्यकीय महाविद्यालय एकमेकांपासून थोड्याच अंतरावर आहेत. माणसांच्या आणि जनावरांच्या जठराचे तुकडे दोघांनी शेजारी ठेवून त्यांत हे जंतू शोधावेत. दुर्ग-भिलाईत हे करणं अवघड नाही.

वाचकांना एवढंच सांगणं. दुर्बिणीची तपासणी ठरली तर गोळी दोन आठवडे आधी थांबवायची का, हे डॉक्टरांना विचारा. घरात कोणती जनावरं आहेत, डुकराच्या मांसाशी संबंध येतो का, हे न लाजता सांगा. तुकड्याच्या अहवालावर ‘पायलोरी नाही’ असं असेल, तर दुसरा मळसूत्री जंतू पाहिला का, हेही विचारा. आणि ज्यांनी कुत्रा गावी सोडला त्यांना विनंती आहे, रविवारी जाऊन त्याला घरी घेऊन या.