मागे घ्यायचे तर उघडपणे घ्या

विधेयक मांडणे हा सरकारचा अधिकार आहे; ते मागे घेणे हा मात्र एकट्या सरकारचा अधिकार नाही. विधेयक एकदा पुरःस्थापित झाले की ते सभागृहाचे होते, आणि ते परत न्यावयाचे तर भारसाधक मंत्र्याला सभागृहाची अनुज्ञा मागावी लागते. लोकसभेच्या कार्यपद्धतीतील ११०वा नियम माघारीची कारणेही ठरवून देतो: एक तर तो प्रस्तावच सोडून द्यावयाचा असला पाहिजे, नाही तर त्याच्या जागी दुसरे विधेयक येणार असले पाहिजे. कुणी विरोध केला तर दोन्ही बाजूंची थोडक्यात निवेदने होतात आणि प्रश्न मतास टाकला जातो. प्रस्तावाच्या माघारीसंबंधीचा ३३९वा नियम याहूनही कडक आहे. एका सदस्याने जरी विरोधाचा आवाज काढला, तरी अध्यक्षांना मूळ प्रस्ताव मतास टाकावा लागतो. राज्यांच्या विधानसभांचे नियमही साधारणतः याच घडणीचे आहेत. हरण्याची चिन्हे दिसताच डाव मोडून उठता येणार नाही, हा या सर्व नियमांचा आशय आहे.

ज्यांना ही अट जाचक वाटते, त्यांनी दुसरी वाट शोधून काढली आहे. विधेयक मागे घेण्याची अनुज्ञा मागावयाची नाही, ते फेटाळावयाचे नाही, मतासही टाकावयाचे नाही. नुसते पडून राहू द्यावयाचे. संविधानाच्या १९६व्या अनुच्छेदानुसार विधानसभा विसर्जित होताच तिच्यापुढील विधेयके व्यपगत होतात, आणि तिने संमत करूनही परिषदेत रखडलेली विधेयकेही त्यांच्याबरोबर जातात. कारणे देणे नको, मतांची नोंद नको, मतदारांना जाब देणे नको! मतदान चुकवून केलेली ही माघारच होय, आणि तिची जबर किंमत सातारा-सांगलीने मोजली आहे.

डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. वैद्यकीचे शिक्षण त्यांनी मिरजेत घेतले आणि १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची स्थापना केली. तिच्या अध्यक्षपदाची धुरा वाहणारे प्रा. एन. डी. पाटील सांगली जिल्ह्यातील ढवळीचे. भोंदूगिरीला आळा घालणारा कायदा व्हावा, असा अशासकीय ठराव विधान परिषदेने १९९५ सालीच संमत केला होता. विधेयक विधानसभेत संमत होण्यास मात्र १६ डिसेंबर २००५ हा दिवस उजाडावा लागला. तेथून ते परिषदेकडे गेले आणि अडकले ते अडकलेच. २००९ साली विधानसभेची मुदत संपली, तसे विधेयकही संपले. २०११ साली पुन्हा श्रीगणेशा झाला. त्या वेळी मुख्यमंत्री होते कऱ्हाडचे पृथ्वीराज चव्हाण आणि गृहखाते होते तासगावच्या आर. आर. पाटलांकडे. तरीही अधिवेशनांमागून अधिवेशने कोरडी गेली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. मग मात्र आठवडाभरात अध्यादेश निघाला, आणि १३ डिसेंबरला विधानसभेने व १८ डिसेंबरला परिषदेने विधेयक संमत केले. आठ वर्षे जे जमत नव्हते, ते एका माणसाचा जीव गेल्यावर चार महिन्यांत जमले!

परिषदेपुढे विधानसभा हतबल होती, असे कुणी म्हणेल तर त्याने १९७वा अनुच्छेद वाचावा. विधेयक परिषदेपुढे ठेवल्यापासून तीन महिन्यांत तिने ते संमत केले नाही, तर विधानसभा ते पुन्हा संमत करू शकते. त्यानंतर परिषदेच्या हाती उरतो केवळ एक महिना. तो संपला की विधेयक दोन्ही सभागृहांनी संमत केले असे मानले जाते. म्हणजे २००५च्या विधेयकासाठी मार्ग मोकळा होता. त्या मार्गाने पाऊल टाकण्याची तयारी मात्र नव्हती.

वारकऱ्यांतील काही संघटनांच्या आक्षेपांकडे या संदर्भात बोट दाखविले जाते. आक्षेप ऐकून घेणे हे लोकशाहीत कर्तव्यच आहे. पण त्यासाठी दुरुस्त्यांची सोय आहे. दुरुस्ती मांडावी, तिच्यावर मते घ्यावी, हरल्यास हार मान्य करावी. माघार नेहमीच लाजिरवाणी असते असेही नाही. १९८८ साली लोकसभेने संमत केलेले अब्रुनुकसानी विधेयक देशभरातील पत्रकारांच्या विरोधापुढे राजीव गांधी सरकारला सोडून द्यावे लागले, आणि तो लोकमताचा विजय ठरला. ती माघार साऱ्या देशाने पाहिली. दाभोलकरांच्या विधेयकाचा बळी मात्र कुणाला दिसूच नये अशी व्यवस्था झाली.

आणि सरकारला घाई असते तेव्हा काय होते? विशेष जनसुरक्षा विधेयकावर संयुक्त समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना आल्या होत्या. तरीही १० जुलै २०२५ रोजी विधानसभेने आणि दुसऱ्याच दिवशी परिषदेने ते आवाजी मतदानाने संमत केले. नागरिकाचे स्वातंत्र्य आवळणारा कायदा दोन दिवसांत होतो. नागरिकाला भोंदूच्या तावडीतून सोडविणाऱ्या कायद्याला ठरावापासून अठरा वर्षे लागतात. सत्तेला निकड कशाची वाटते, हे यावरून ओळखावे.

यास्तव तीन मागण्या लावून धरल्या पाहिजेत. विधेयक मागे घेताना त्याची कारणे लेखी स्वरूपात सभागृहाच्या पटलावर ठेवावीत. प्रश्न मतास टाकल्यानंतर माघारीची भाषा निघाली, तर आवाजी कौलावर न भागविता मतविभागणी घेऊन प्रत्येक सदस्याचे मत नावानिशी नोंदवावे. आणि तीन महिने परिषदेत पडून राहिलेले विधेयक पुढील अधिवेशनात विधानसभेपुढे आपोआप यावे. ते आणणे मंत्र्यांच्या मर्जीवर राहू नये.

सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे मिळून विधानसभेवर १६ आमदार पाठवितात. त्यांच्यापैकी प्रत्येकाला कार्यकर्त्यांनी या तीन मागण्यांवर जाहीर सभेत उत्तर विचारावे. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने याच मुलखात गावकऱ्यांसमक्ष निवाडे केले. ज्या मातीत न्याय उघड्यावर होत असे, तेथील प्रतिनिधींनी मत लपविण्याची सवलत मागू नये, आणि मागितली तरी जनतेने ती देऊ नये.