मनीऑर्डरीनंतरची तिसरी पिढी

रायरेश्वर, तोरणा, राजगड यांचा वारसा सांगणाऱ्या भोर-वेल्ह्याच्या मुलखाचा आणखी एक इतिहास आहे. तो मनीऑर्डरीच्या पावत्यांवर लिहिला गेला. भात-नाचणीच्या एका पिकावर घर चालेना, म्हणून येथील पुरुषांनी मुंबई गाठली. भाटघर, पानशेत, वरसगाव या धरणांत नदीकाठची सकस जमीन गेली. पाणी पुण्याला आणि नीरेच्या कालव्यांना मिळाले, डोंगरकुशीतल्या माणसाच्या वाट्याला स्थलांतर आले.

पहिल्या पिढीने गिरणीत, गोदीत, बाजारातल्या हमालीत घाम गाळला आणि खानावळीत जेवून गावचे घर उभे ठेवले. दुसऱ्या पिढीला बापाच्या ओळखीने तेच खाते मिळाले. आधी बदली, मग कायम. मिळकत वाढली, परंतु शिक्षणाची निकड कोणाला भासली नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि ही शिडीच मोडली. ज्या ओळखीने नोकरी दिली होती, तिच्यापाशी दुसरी नोकरी नव्हती.

अमेरिकेतील स्थलांतरितांच्या अनेक पिढ्यांच्या नोंदी अभ्यासून रॅन अब्रामित्झ्की आणि लिआ बुस्तान या अर्थशास्त्रज्ञांनी २०२२ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचा निष्कर्ष असा की, गरीब स्थलांतरिताची स्वतःची कमाई फारशी उंचावत नाही. त्याची मुले मात्र स्थानिक गरिबांच्या मुलांपेक्षा पुढे जातात. याचे एक मोठे कारण म्हणजे, संधी असलेल्या ठिकाणी कुटुंबच मुळी राहायला जाते.

आपल्याकडे नेमके हेच अर्धवट राहिले. बाप मुंबईत, पण मुले गावी. शहराची मजुरी घरी आली, शहराची शाळा आली नाही. ज्यांनी दहा बाय दहाच्या खोलीत का होईना, मुलांना जवळ ठेवून शिकविले, त्यांच्या घरांना संपानंतर सावरण्यासाठी निदान एक आधार होता.

आज तिसरी पिढी पुणे, खेड-शिवापूर, शिरवळ येथे काम शोधते. दुसरीकडे शहरी धनिकांच्या बंगल्यांसाठी वडिलोपार्जित जमिनी विकल्या जात आहेत. त्या पैशातून गाडी येते, लग्न थाटात होते आणि पुढच्या पिढीच्या हाती ना शेत राहते, ना कसब. जमिनीचा पैसा एका पिढीचा, विद्येचा पुढच्या अनेक पिढ्यांचा, हा हिशेब घरोघरी मांडला गेला पाहिजे. दुर्गम वाड्यांतील मुलामुलींसाठी तालुक्याच्या गावी वसतिगृह, अभ्यासिका आणि तंत्रशिक्षण उभे करणे हे समाजाचेही कर्तव्य आहे. गडांवर दिवे लावणाऱ्या हातांनी गडाखालच्या घरातही एक दिवा लावावा.