किन्शासात मार कोणी खाल्ला?

मोहम्मद अलीने किन्शासात सात फेऱ्या निमूटपणे मार खाल्ला आणि आठव्या फेरीत एका ठोशाने बाजी फिरवली, ही गोष्ट खरी नाही. पन्नास वर्षं ती सांगितली जाते आहे आणि चांगल्या जाणत्या माणसांनी सांगितली आहे, तरी ती खरी नाही. या आठवड्यात तिचा असा वापर झालेला ऐकला की मला गप्प बसवेना.

माझा भाचा या सदराच्या जुन्या वाचकांना ठाऊक आहे. बंगळुरात बेळंदूरच्या बाजूला एका कंपनीत तो सॉफ्टवेअरचं काम करतो. रिंग रोडवर अडकलेल्या त्याच्या संध्याकाळींबद्दल मी इथे पूर्वी लिहिलं आहे. गेले काही महिने त्याच्या कामाला वेळकाळ उरलेला नाही. जेवण झालं की पुन्हा लॅपटॉप उघडायचा, तो मध्यरात्रीनंतर मिटायचा. चुलत बहिणीच्या साखरपुड्याला मागितलेली रजा मिळाली नाही. साहेब सगळ्यांसमोर बोलतो, आणि याने ऐकून घ्यायचं. हे असंच चालू असताना शनिवारी कंपनीने सगळ्यांना एका हॉटेलात दिवसभराच्या शिबिराला नेलं. बाहेरून बोलावलेल्या प्रशिक्षकाने पडद्यावर अली–फोरमन लढतीचा छोटासा तुकडा दाखवला. अली दोरांना टेकलेला, दोन्ही हात तोंडापुढे, आणि फोरमन त्याच्या बरगड्यांवर घाव घालतो आहे. मग एकदम आठवी फेरी, आणि फोरमन जमिनीवर. प्रशिक्षक म्हणाला, दोरांना टेकून राहायला शिका. सोसा. समोरचा दमेल, तुमची आठवी फेरी येईल.

रविवारी जेवायला आला तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, बोलला बरं तो. जरा धीर आला."

त्याला धीर आला, आणि मला संताप आला.

आधी लढत काय होती ते थोडक्यात. ३० ऑक्टोबर १९७४, तेव्हाच्या झैरेची राजधानी किन्शासा, वीस मे स्टेडियम. अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या सोयीसाठी लढत तिथल्या पहाटे चारला ठेवलेली, म्हणजे आपल्याकडे बुधवारची सकाळ, साडेआठची वेळ. जॉर्ज फोरमन २५ वर्षांचा, वजनदार गटाचा जगज्जेता. ४० लढती, ४० विजय, त्यांतल्या ३७ लढतींत समोरचा शेवटपर्यंत टिकलेलाच नाही. ज्या जो फ्रेझरने आणि केन नॉर्टनने अलीला एकेकदा हरवलं होतं, त्या दोघांनाही त्याने दोन-दोन फेऱ्यांत संपवलेलं. अली ३२ वर्षांचा. आयोजक डॉन किंगने जमवलेली आणि झैरेचा हुकूमशहा मोबुटू याच्या सरकारने उचललेली बिदागी प्रत्येकी ५० लाख डॉलर. लढत १५ फेऱ्यांची ठरलेली होती. ती आठव्या फेरीत, फेरी संपायला दोन सेकंद असताना संपली.

आता त्या प्रशिक्षकाने जे दाखवलं नाही, ते. रिंगणाशी गुण देणारे तीन जण होते: पंच झॅक क्लेटन, आणि नुरिद्दीन अदल्ला व जेम्स टेलर हे दोन परीक्षक. फेरी जिंकणाऱ्याला १० गुण, हरणाऱ्याला ९, बरोबरीत सुटली तर दोघांनाही १०. सात फेऱ्या संपल्या तेव्हा क्लेटनच्या कागदावर ६८–६६ होतं, टेलरच्या कागदावर ६९–६६, आणि अदल्लाच्या कागदावर ७०–६७. तिन्ही कागदांवर पुढे होता तो अली. अदल्लाच्या आकड्याचा हिशेब करून पाहा. ७० गुण म्हणजे सात फेऱ्यांत अलीने एकही फेरी गमावलेली नाही. तीन त्याच्या, चार बरोबरीच्या. जो माणूस सात फेऱ्या मार खात होता असं आपण सांगतो, त्याच्याविरुद्ध या परीक्षकाने फोरमनला एक फेरीसुद्धा दिली नव्हती.

हे कसं, ते लढत अख्खी पाहिली की कळतं. पहिल्याच फेरीत अली पुढे सरसावून सरळ उजव्या हाताने मारत होता. मुष्टियुद्धात तो धाडसाचा ठोसा समजतात, कारण उजवा हात डाव्यापेक्षा लांबून येतो आणि समोरच्याला तो दिसतो. फोरमनच्या तोंडावर तो पुन्हा पुन्हा बसला. दुसऱ्या फेरीपासून अली दोरांना टेकला हे खरं, पण टेकून तो नुसता उभा नव्हता. फोरमनचे बरेच ठोसे त्याच्या दंडांवर, कोपरांवर, हातमोज्यांवर पडत होते, आणि दंडावर पडलेल्या ठोशाला गुण नसतो. मधूनच हात मोकळा करून अली डावा-उजवा असे दोन ठोसे नेमके डोक्यावर ठेवून देई आणि फोरमनची मान हातांत धरून खाली दाबी. पाचव्या फेरीत फोरमनने सगळी ताकद ओतली, आणि त्याच फेरीच्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात अलीने असा मारा केला की फोरमन जागच्या जागी डुलला. आठव्या फेरीत जे घडलं त्याची तयारी सात फेऱ्या चालली होती, आणि ती सोसून नाही, मारून चालली होती.

खालच्या मजल्यावरच्या काकांना मात्र हे मान्य नाही. काका कॉक्स टाउनमध्ये वाढलेले. कॅन्टोन्मेंटात मुष्टियुद्धाचा जोर होता त्या काळाचे किस्से त्यांनी वडिलांकडून ऐकलेले. गनबोट जॅक या बंगळुरात येऊन राहिलेल्या कृष्णवर्णी अमेरिकन मुष्टियोद्ध्याचं नाव ते आजही घरच्या माणसाचं घ्यावं तसं घेतात. १९७४ मध्ये ते कॉलेजात होते. बंगळुरात दूरदर्शन आलं १९८१ ला, त्यामुळे किन्शासाची लढत या शहरात कोणी पाहिली नाही. ती लोकांनी वर्तमानपत्रात वाचली आणि एम. जी. रोडच्या इंडिया कॉफी हाउसात बसून भांडली. काका सांगतात, वाद एवढाच होता की फोरमन जिंकत असताना हरला कसा. तो जिंकत होता याबद्दल कोणाला शंकाच नव्हती.

मला वाटतं, गोष्ट बिघडली ती इथे. मी बेळगावचा. आमच्याकडे लढत बघणारा डोळा आखाड्यात तयार होतो. कुस्तीत जो पुढे रेटतो, कब्जा घेतो, वर असतो, तो भारी. खालचा वाचतो आहे इतकंच. १९७७ ला बेळगावात हरिश्चंद्र बिराजदारांनी सतपालला पाडलं, त्या कुस्तीबद्दल बोलणारी माणसं अजून आहेत. त्यांच्या बोलण्यात गुण नसतात. मैदानी कुस्तीत पाठ लागली की निकाल, नाहीतर बरोबरी. त्या हिशेबाने सगळ्यांत एकतर्फी लढत कोणती? लंडनला १० सप्टेंबर १९१० रोजी झालेली गामा आणि पोलंडचा झ्बिश्को यांची. झ्बिश्को सुरुवातीलाच खाली गेला आणि पुढे अडीच तासांहून जास्त वेळ मॅटला चिकटून राहिला. वर सतत गामा. पाठ लागेना म्हणून कुस्ती बरोबरीत सोडवली. पुढच्या शनिवारी पुन्हा लढायचं ठरलं, तर झ्बिश्को आलाच नाही, आणि विजेत्याचा पट्टा गामाला मिळाला. १९२८ मध्ये पतियाळाला दोघे पुन्हा भिडले तेव्हा गामाने त्याला मिनिटाच्या आत चीत केलं. तिथे कागदावर बरोबरी होती आणि लढत एकतर्फी. किन्शासात फोरमन पुढे रेटत होता, अली दोरांवर होता, आणि आखाड्यात घडलेल्या डोळ्याला तो हरताना दिसला. मुष्टियुद्धात नुसत्या पुढे रेटण्याला गुण नाही. ठोसा कुठे लागला, त्याला आहे.

यावर काकांचा मुद्दा असा की परीक्षकांना डोक्यावरचे ठोसे दिसतात, पोटावरचे दिसत नाहीत. फोरमनने बरगड्यांवर जे काम केलं त्याचे गुण त्याला मिळालेच नाहीत. यात तथ्य आहे. क्लेटनच्या कागदावरचं अंतर दोनच गुणांचं होतं. त्यामुळे लढत अलीच्या बाजूने एकतर्फी होती असंही मी म्हणणार नाही. ती चुरशीची लढत होती, तिच्यात अली थोडा पुढे होता, आणि फोरमन दमल्यावर बराच पुढे गेला. माझं म्हणणं इतकंच.

अलीच्या आयुष्यात खरोखर एकतर्फी लढत झाली ती नंतर. २ ऑक्टोबर १९८०, लास वेगास, समोर लॅरी होम्स, एके काळी अलीच्याच सरावातला जोडीदार. अली ३८ वर्षांचा. दहा फेऱ्या झाल्या, दहाच्या दहा तिन्ही परीक्षकांनी होम्सला दिल्या, आणि अकराव्याची घंटा व्हायच्या आत अलीचा प्रशिक्षक अँजेलो डंडीने लढत थांबवली. अलीचे डॉक्टर फर्डी पाचेको तीन वर्षं आधीच त्याला थांबायला सांगून बाजूला झाले होते. १९८४ मध्ये अलीला पार्किन्सनचा विकार असल्याचं निदान झालं. परत मारता येत नसताना नुसतं सोसत उभं राहणं कसं असतं, हे होम्सविरुद्धच्या त्या दहा फेऱ्यांत दिसतं. शिबिरात दाखवायचाच असेल तर तो तुकडा दाखवावा, आणि मग विशी-पंचविशीतल्या पोरांना सोसा म्हणून सांगून बघावं. भाच्याला मी हेच म्हणालो. दोरांना टेकलेला अली प्रत्येक फेरीत उलट मारत होता. तू साहेबाला गेल्या चार महिन्यांत एकदा तरी उलट बोललास का? रजा नाकारली ते लेखी मागितलंस का? तो म्हणाला, "मामा, तसं कोणी करत नाही." मग दोरांना टेकून तुला काय मिळणार?

गंमत अशी की गुणांत मागे पडत यायचं आणि एका ठोशात जिंकायचं, ही गोष्ट घडलेली आहे. फक्त ती अलीची नाही. ती फोरमनची आहे.

फोरमन गेल्याची बातमी आली २१ मार्च २०२५ ला. बातम्यांमध्ये किन्शासा होती, त्याच्या नावाची ग्रिल होती. त्याच्या आयुष्यातली माझ्या मते सगळ्यांत मोठी रात्र दोन ओळींत आटोपलेली. किन्शासानंतर तो खचला होता. दोर सैल होते, पाण्यात काहीतरी घातलं होतं, पंचाने घाईने दहा मोजले, असं बरंच काही तो त्या काळात बोलला. १९७७ मध्ये त्याने हातमोजे उतरवले आणि ह्यूस्टनला धर्मोपदेशक झाला. दहा वर्षं तो लढलाच नाही. मग मुलांसाठी काढलेलं केंद्र चालवायला पैसे हवेत म्हणून १९८७ ला परतला, अंगाने दुप्पट झालेला. लोक हसले. ५ नोव्हेंबर १९९४ रोजी लास वेगासला त्याची गाठ जगज्जेत्या मायकेल मूररशी पडली. मूरर २६ वर्षांचा, फोरमन ४५. अंगात किन्शासातलीच लाल चड्डी, आणि त्याच्या कोपऱ्यात कोण, तर किन्शासात अलीच्या कोपऱ्यात उभा असलेला अँजेलो डंडी.

नऊ फेऱ्या मूररने त्याला हवं तसं मारलं. दोन परीक्षकांच्या कागदावर ८८–८३, तिसऱ्याच्या ८६–८५, तिन्ही मूररच्या बाजूने. मूररचा प्रशिक्षक टेडी अ‍ॅटलस त्याला ओरडून सांगत होता की म्हाताऱ्यासमोर सरळ उभा राहू नकोस, बाजूने फिर. दहाव्या फेरीत मूरर सरळ समोर उभा राहिला. फोरमनने डाव्या हाताने नजर अडवली आणि मागोमाग छोटासा उजवा हनुवटीवर ठेवला. जेमतेम वीतभर अंतर कापणारा ठोसा. मूरर पाठीवर पडला आणि दहा मोजेपर्यंत उठला नाही. वजनदार गटात इतक्या वयाचा जगज्जेता तोपर्यंत झाला नव्हता.

म्हणून प्रशिक्षकाचा धडा खरा ठरतो का? नाही. त्या नऊ फेऱ्यांतही फोरमन दोरांना टेकून उभा राहिलेला नाही. रिंगणाच्या मधोमध उभं राहून तो डावा हात पुढे टाकत होता, चुकत होता, पुन्हा टाकत होता. विश्रांतीच्या मिनिटात बाकीचे खुर्चीवर बसतात. हा पंचेचाळिसाव्या वर्षी प्रत्येक फेरीनंतर कोपऱ्यात उभाच राहायचा. हरत असताना तो सोसत नव्हता, लढत होता.

भाच्याने किन्शासाची अख्खी लढत मोबाइलवर दोन वेळा पाहिली. बुधवारी त्याने साहेबाला पत्र लिहिलं, पुढच्या महिन्यातल्या रजेचं, सोबत गेल्या तीन महिन्यांतल्या जादा तासांचा तक्ता जोडून. उत्तर अजून आलेलं नाही. आलं की इथे सांगेन.

काका पाचव्या फेरीवर अडून आहेत. त्यांच्या मते ती फोरमनची. अडीच मिनिटं एक जण मारतो आणि अर्धा मिनिट दुसरा, मग फेरी दुसऱ्याची कशी, असा त्यांचा सवाल आहे. मी ती अलीला देतो, कारण त्या अर्ध्या मिनिटातले ठोसे लागले आणि आधीचे बरेचसे दंडांवर गेले. क्लेटनने दोन फेऱ्या फोरमनला दिल्या होत्या. त्यांतली एक हीच असणार, असं काका म्हणतात. येत्या रविवारी आम्ही ती त्यांच्याकडे बसून थांबवत थांबवत पाहणार आहोत, लागलेला प्रत्येक ठोसा कागदावर मांडत.