पॉइंटचा भाव

घराचं वायरिंग करायचं ठरलं की वायरमनला विचारला जाणारा पहिला प्रश्न सगळीकडे सारखाच असतो: पॉइंटला किती घेणार? एक दिवा म्हणजे एक पॉइंट, एक पंखा म्हणजे एक पॉइंट, बोर्डावरचं एक सॉकेट म्हणजे एक पॉइंट. खोल्या मोजायच्या, पॉइंट मोजायचे, भावाने गुणायचं आणि आलेल्या आकड्यावरून घासाघीस सुरू करायची. तिघांकडून भाव काढायचे आणि जो सगळ्यात कमी सांगेल त्याला काम द्यायचं, हा आपला शिरस्ता. आपल्या भिंतींमधला बराचसा धोका या एका प्रश्नातून जन्माला येतो, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

पॉइंटच्या भावात काय बसत नाही ते पाहा. अर्थिंगचा खड्डा कोणत्याच पॉइंटमध्ये मोडत नाही. प्रत्येक सर्किटला वेगळा न्यूट्रल ओढायचा तर जास्तीची वायर लागते, जास्तीचे तास लागतात. पॉइंट मात्र वाढत नाही. जंक्शन बॉक्समधला जोड कनेक्टर लावून घट्ट आवळला काय किंवा दोन वेढे देऊन वर टेप गुंडाळली काय, दर तोच. काम संपल्यावर मेगर लावून इन्सुलेशन तपासणं, भार तीन-चार सर्किटांत नीट वाटून देणं, कुठली एमसीबी कशाची ते डिस्ट्रिब्यूशन बोर्डावर, म्हणजे डीबीवर, लिहून ठेवणं, यांतलं काहीच मोजणीत धरलं जात नाही. मग ते घाईत उरकलं जातं किंवा होतच नाही. त्यात दरवेळी वायरमनची लबाडी असते असं नाही. घासून घासून खाली आणलेल्या भावात दिवसाची मजुरी सुटायची तर त्याला संध्याकाळपर्यंत ठरावीक पॉइंट काढावेच लागतात.

एके काळी हे खपून जायचं. साठ वॅटचे बल्ब, दोन-तीन पंखे, रेडिओ, पुढे टीव्ही आणि फ्रिज. घराचा सगळा भार हजार वॅटच्या आसपास राहायचा. २३० व्होल्टला तो होतो सव्वाचार-साडेचार अँपिअर. आता दिव्यांचा भार उलट उतरला आहे. नऊ वॅटचा एलईडी साठ वॅटच्या बल्बचं काम करतो, नवा बीएलडीसी पंखा तीसेक वॅटवर फिरतो. वाढलं आहे ते न्हाणीघर आणि स्वयंपाकघर. गीझर दोन हजार वॅट, इंडक्शन शेगडी तेवढीच, इस्त्री हजार. पावसाळ्यातल्या एखाद्या सकाळी या तिन्ही वस्तू एका वेळी चालू झाल्या की मेन तारेतून जवळजवळ बावीस अँपिअर जातात. प्रवाह पाचपट झाला. तारेतली उष्णता मात्र प्रवाहाच्या वर्गाच्या हिशेबाने वाढते, म्हणजे पंचवीसपट. तार जुनीच, जोड जुनेच, आणि त्यांच्यावरून पंचवीसपट ऊब. शॉर्ट सर्किटने आग लागल्याची बातमी वाचताना हा हिशेब मला आठवतो. त्या बातम्यांमागे अनेकदा वर्षानुवर्षं तापत आलेला एखादा सैल जोड असतो.

वाईला आईच्या घरी यंदा उन्हाळ्यात वायरिंगचं काम काढलं. घर जुनं. माजघरात अजून सागवानी पट्टीवरून गेलेलं वायरिंग, पडवीत चिनी मातीचे किटकॅट फ्यूज, स्वयंपाकघरात नंतर कधीतरी केलेलं कन्सील काम, आणि या सगळ्याच्या डोक्यावर भारनियमनाच्या वर्षांत बसवलेला इन्व्हर्टर. तीन पिढ्यांचं काम एकमेकांत गुंतलेलं. पहिल्या दोघांनी दारातूनच पॉइंट मोजले आणि भाव सांगितला. तिसरे साठी ओलांडलेले, गावातलेच. ते आले आणि म्हणाले, “ताई, भाव नंतर सांगतो. आधी मीटर कुठे आहे ते दाखवा, आणि लाइटबिल आणा.”

बिलावर त्यांनी मंजूर भार पाहिला. मग आईला विचारलं, “काकू, कुठे हात लागला की झिणझिण्या येतात का?” आईने न्हाणीघरातल्या नळाकडे बोट दाखवलं. पावसाळ्यात तिथे मुंग्या येतात, हे ती अनेक वर्षं सहन करत होती आणि कोणाला बोललीही नव्हती. मला वाटतं अशा घरगुती झिणझिण्या सोसणाऱ्या बायका घरोघर असतील. ओल्या हाताने, अनवाणी, ओल्या फरशीवर दिवसभर त्याच वावरतात. तरीही वायरिंगचं बोलणं चालू असताना वायरमन पाहतो घरातल्या पुरुषाकडे. आमच्या या वायरमनकाकांनी आईलाच विचारलं, तिथेच माझा निर्णय झाला.

त्यांनी होल्डरला दोन वायरी जोडलेला शंभर वॅटचा बल्ब काढला आणि सॉकेटच्या फेज व अर्थमध्ये लावला. (हा प्रयोग घरच्या कोणी करू नये, हाताची सवय लागते.) अर्थिंग चांगलं असेल तर बल्ब पूर्ण उजेडाने पेटतो. माजघरात तो पेटलाच नाही; अर्थची हिरवी तार बोर्डात होती, पण पुढे भिंतीत कुठेतरी संपलेली. गीझरच्या सॉकेटवर मात्र बल्ब लख्ख पेटला. मला बरं वाटलं. त्यांनी पट्टी उघडून दाखवली तेव्हा कळलं की तिथे अर्थ आणि न्यूट्रल वायरीच्या एका तुकड्याने जोडून टाकले होते.

हे जरा थांबून समजून घ्यायला हवं, कारण अशी जोडणी पुष्कळ घरांत आहे. अर्थिंगचा खड्डा नसेल तर सॉकेटच्या मागेच अर्थची पिन न्यूट्रलला जोडून देतात. टेस्टरला शंका येत नाही, बल्ब पेटतो, गिऱ्हाईक खूश. पण वरच्या बाजूला कुठेही, मीटरपाशी किंवा जंक्शन बॉक्समध्ये, न्यूट्रलचा जोड निसटला की गीझरच्या कॉइलमधून आलेली वीज परत जायला वाट शोधते, आणि ती वाट त्या तुकड्यातून गीझरच्या पत्र्यावर येते. म्हणजे गीझर बंद पडल्यासारखा दिसतो, पाणी तापत नाही, आणि त्याच्या अंगावर २३० व्होल्ट उभे असतात. कोणीतरी बघायला हात लावतो. जी तार वाचवायला होती तिनेच माणूस मरतो. अर्ध्या वितीच्या तुकड्याने खड्ड्याचा खर्च वाचवलेला असतो.

अर्थिंगचा खड्डा म्हणजे फार मोठी गोष्ट नाही. किमान अडीच मीटर लांबीचा जीआय पाइप उभा पुरायचा, भोवती कोळसा आणि मीठ, वर झाकण, आणि उन्हाळ्यात अधूनमधून पाणी. काळ्या मातीत ओल टिकते म्हणून अर्थिंग चांगलं लागतं. मुरमाड जमिनीत पाइप खोल न्यावा लागतो, कधी दोन खड्डे जोडावे लागतात. आमच्याकडे मुरूमच निघाला. काकांनी दुसरा खड्डा सांगितला तेव्हा शेजाऱ्यांनी “उगाच खर्च काढतायत” असं मला बाजूला घेऊन सांगितलं. त्यांच्या काळजीबद्दल मनात राग नाही, पण जमिनीत गेलेला पैसा आपल्याला वाया गेल्यासारखा वाटतो आणि फॉल्स सीलिंगमधल्या रंगीत पट्टीवरचा वाटत नाही, याचं मला वाईट वाटतं.

एमसीबी बसवली म्हणजे आपण सुरक्षित, हाही असाच एक समज. एमसीबी तारेला वाचवते. सोळा अँपिअरची एमसीबी सोळाच्या वर प्रवाह गेल्यावर हालचाल करणार. माणसाच्या अंगातून एक दशांश अँपिअर गेला तरी तो मरू शकतो, आणि तेवढ्याची तिला दादही नसते. माणसाला वाचवते ती आरसीसीबी. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तितकाच परत आला का, हे ती सतत ताडून पाहते. ३० मिलीअँपिअरचा फरक पडला की तीन दशांश सेकंदाच्या आत वीज तोडते. ठरावीक भाराच्या वरच्या जोडण्यांसाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा नियम असं उपकरण २०१० पासून मागतात. आपल्या देशात विजेच्या धक्क्याने दरवर्षी दहा हजारांहून जास्त माणसं जातात, ही राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी आहे. शेतातले, खांबांवरचे अपघात त्यात येतात, तसे घरातलेही.

पण आरसीसीबी लावणं सोपं आणि टिकवणं अवघड. जुन्या घरात ती लावली की सारखी पडते. दोन सर्किटांचा न्यूट्रल कुठेतरी एक केलेला असतो; इन्व्हर्टरचा न्यूट्रल मेनच्या न्यूट्रलमध्ये मिसळलेला असतो, आणि हे भारनियमनाच्या काळात घाईघाईने झालेल्या कामांत हटकून सापडतं. वीज गेली की घरचे वायरमनला फोन करतात, तो येतो, आरसीसीबी बायपास करतो, वीज सुरळीत होते. ती पडत होती कारण दोष होता. तो शोधायला एकेक सर्किट सोडवत अख्खा दिवस जातो, आणि त्या दिवसात एकही पॉइंट निघत नाही. काकांनी असा एक पूर्ण दिवस आमच्या माळ्यावर काढला. त्याचे पैसे मी दिवसाच्या हिशेबाने दिले. पहिल्या तपासणीचेही दिले. डॉक्टरांना आपण तपासल्याची फी देतो, औषध लिहून दिलं नाही तरी देतो. घराची नाडी पाहणाऱ्याला का नको?

माणूस निवडायचा कसा, हे मला पुष्कळ जण विचारतात. आयटीआयमध्ये वीजतंत्री आणि तारतंत्री असे दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. राज्याचं अनुज्ञापक मंडळ वायरमनला परवाना, सुपरवायझरला प्रमाणपत्र आणि ठेकेदाराला लायसन्स देतं. मंजूर भार वाढवायचा तर परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो, तेव्हा त्याची सही कोण करणार हे आधीच विचारावं. न पाहिलेल्या घराच्या रिपोर्टवर सही विकत मिळते हे खरं आहे आणि ती कधीही घेऊ नये. वस्तादाच्या हाताखाली शिकलेले, कागद नसलेले उत्तम कारागीरही मी पाहिले आहेत. मेन वायरिंग आणि डीबीचं काम मात्र परवाना असलेल्याच्या देखरेखीखाली व्हावं, यावर मी ठाम आहे. एक प्रश्न पुरेसा बोलका ठरतो: काम झाल्यावर अर्थिंग कसं तपासून दाखवणार? ज्याला तो प्रश्न आवडतो तो आपला माणूस.

सामान स्वतः बिलावर घ्यावं. दिव्यांना दीड चौरस मिलिमीटर, सोळा अँपिअरच्या सॉकेटला अडीच, एसी-गीझरला चार, सगळी तांब्याची आणि आयएसआय शिक्क्याची. वायरच्या बंडलांत आणि स्विचच्या खोक्यांत कंपन्या वायरमनसाठी कूपन ठेवतात. त्यावरून कुरकुर करू नये, ती त्यांना द्यावीत. मजुरीत जे मिळत नाही ते हा माणूस कूपनांतून गोळा करत असतो. आणि हिशेब मांडताना पॉइंट एका बाजूला ठेवून अर्थिंग, डीबी, जुने दोष शोधणं आणि शेवटची तपासणी यांचे आकडे वेगळे लिहून घ्यावेत. आमचा खर्च त्यामुळे वाढला. कशाला वाढला ते ओळीओळीने कागदावर होतं.

काकांच्या हाताखाली एक मुलगा होता, आयटीआय झालेला. हुशार, हात स्वच्छ. डीबीच्या दाराच्या आतल्या बाजूला घराचा नकाशा काढून कुठली एमसीबी कशाची ते त्यानेच मराठीत लिहून चिकटवलं, आईला वाचता येईल अशा ठळक अक्षरांत, आणि आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा कसं दाबायचं ते तिच्याकडून करून घेतलं. काम संपताना कळलं की त्याला चाकणला कारखान्यात नोकरी लागली आहे. पगार ठरलेला, पीएफ, रविवारी सुट्टी. वाईत एवढं काम नाही का, असं मी काकांना विचारलं. “काम मोप आहे, ताई,” ते म्हणाले. “पोरगं दिवस घालून काम करतं, आणि लोक पॉइंट मोजून पैसे देतात.”