संत याकूबच्या वाटेने समुद्रापर्यंत



रमजान ईद होऊन आठवडाही झाला नव्हता. आपाचा फोन आला. सलाम केला न केला आणि म्हणाली, "तुझ्या लाडक्या भाचीला आता तूच सांग. ख्रिश्चनांच्या यात्रेला पायी निघाली आहे."

भाची पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात शिकते. तिथून समुद्राच्या कडेकडेने उत्तरेला एक जुनी वाट जाते. नदी ओलांडून ती स्पेनमध्ये शिरते आणि सांतियागो दे कोंपोस्तेला या शहरी पोहोचते. किनाऱ्याच्या वाटेने हे अंतर सुमारे २८० किलोमीटर. तिथल्या मोठ्या चर्चमध्ये हजरत ईसा (अ.) यांच्या एका शिष्याची कबर आहे असे ख्रिश्चन मानतात आणि हजारएक वर्षांपासून युरोपभरातून माणसे तिथे चालत येतात. बरेच जण सांतियागोलाही न थांबता आणखी ९० किलोमीटर चालून फिनिस्तेरे या भूशिरापर्यंत जातात. नावाचा अर्थच 'जमिनीचा शेवट'. पुढे नुसता अटलांटिक महासागर. भाचीला तिथवर जायचे होते. एकदम नाही, टप्प्याटप्प्याने. शनिवारी-रविवारी एक तुकडा चालायचा, गाडीने परत यायचे, पुढच्या सुटीत जिथे सोडले तिथून पुन्हा सुरू करायचे.

आपाचा राग समजण्यासारखा होता. दुल्हाभाईंनी हजचा फॉर्म दोनदा भरला, दोन्ही वेळा सोडतीत नाव आले नाही आणि तिसऱ्यांदा भरायला ते राहिले नाहीत. "बापाची हज राहिली आणि लेक चालली चर्चला," हे आपाचे वाक्य मी त्या महिन्यात निदान दहा वेळा ऐकले. त्यात तरुण मुलगी, परका मुलुख, रानातली वाट.

मी भाचीला फोन केला. ती म्हणाली, "खाला, मी यात्रा करत नाही. मी चालते आहे. अब्बा गेल्यापासून सुटीच्या दिवशी मला खोलीत बसवत नाही." सोबत खोलीत राहणारी मोरोक्कोची मुलगी येणार होती. मी आमच्या मौलानांना विचारले. त्यांनी मलाच उलटे विचारले, तिथे जाऊन पूजा करणार आहे का, नमाज सोडणार आहे का, सोबत कोण आहे. पहिल्या दोन उत्तरांवर ते म्हणाले, नियत सफरीची असेल तर तो सफर आहे. तिसऱ्यावर मात्र ते राजी नव्हते. महरमशिवाय मुलींनी असे फिरणे त्यांना पसंत नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितले आणि मीही ते इथे लपवत नाही. मी भाचीला तसेच कळवले. तिने ऐकून घेतले, आणि ती गेली. आपाने तिच्याशी बोलणे बंद केले.

मग तिची खबर माझ्याकडे येऊ लागली. पहिले काही प्रश्न सगळे नमाजचे. "खाला, मी मुसाफिर ना? मग कस्र करू?" आम्ही कोकणातले शाफई. आमच्याकडे एका बाजूचे अंतर साधारण ८१ किलोमीटर भरले तर माणूस मुसाफिर. पोर्तोहून निघून दिवसभरात तीस किलोमीटर चालून रात्री मेट्रोने घरी परतणारी मुलगी मुसाफिर कशी होईल? मौलाना हसले आणि म्हणाले, पाय कितीही दुखोत, पूर्ण चार रकात पढायला सांगा. व्हियाना दो कास्तेलोच्या पुढे सरकेपर्यंत तिची ही सवलत लांबत गेली. मला वाटते, तिने एवढ्या उत्सुकतेने कोणत्याच परीक्षेच्या निकालाची वाट पाहिली नसेल.

पहिल्या टप्प्यात वाळूच्या टेकड्यांवर लाकडी फळ्या टाकून केलेला रस्ता आहे. डावीकडे सतत समुद्र. विला दो कोंदे गावी ती पोहोचली आणि तिने फोटो पाठवला. नदीच्या कडेला एक मोठे लाकडी जहाज उभे होते. सोळाव्या शतकातल्या पोर्तुगीज जहाजाची ती हुबेहूब प्रतिकृती. हे गाव जहाजे बांधणाऱ्यांचे. फोटो पाहून मी थोडा वेळ गप्प बसले.

याच घडणीची जहाजे आपल्या किनाऱ्यावर आली होती. १५०२ मध्ये वास्को द गामाने मलबारजवळ मक्केहून परतणारे 'मीरी' नावाचे जहाज अडवले आणि बायकामुलांसकट जाळले. पुढे हजला जाणाऱ्या जहाजांना पोर्तुगीजांचा परवाना घ्यावा लागे. अकबराच्या काळात बदायूनी यांनी लिहिले आहे की या परवान्यावर हजरत मरियम आणि हजरत ईसा (अ.) यांची चित्रे छापलेली असत, आणि दरबारच्या एका मोठ्या आलिमांनी ते कारण पुढे करून हज फर्ज राहिली नाही असा फतवा दिला होता. माझे नाना मुंबईहून बोटीने हजला गेले होते. साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात काढलेल्या रात्रींच्या त्यांच्या गोष्टी ऐकत आम्ही मोठ्या झालो. १९९५ नंतर ती बोटही बंद झाली. आमच्या घरात हज आणि दर्या हे दोन शब्द एकत्रच येत. आणि आता आमचीच मुलगी त्या जहाजासमोर उभी राहून पायातले बूट काढून वाळू झटकत होती.

मी तिला हे सगळे लिहून पाठवले. तिचे उत्तर आले, "खाला, इथे तिकीट काढून आत जाता येते. मोरोक्कोवाली म्हणते आपण जाऊ." दोघी गेल्या. बरे केले.

नंतर मला एक गोष्ट सुचली, जी आधीच सुचायला हवी होती. सांतियागो म्हणजे कोण? सांत म्हणजे संत आणि यागो म्हणजे याकूब. इंग्रजीत ज्यांना जेम्स म्हणतात ते. गॅलिलीच्या सरोवरातले मच्छीमार, जाळी टाकून हजरत ईसा (अ.) यांच्या मागे निघालेले. कुरआन शरीफमध्ये या शिष्यांना 'हवारी' म्हटले आहे. नावे दिलेली नाहीत, पण अल्लाहचे मदतगार म्हणून त्यांचा उल्लेख आदरानेच येतो. म्हणजे कबर खरोखर त्यांची असो वा नसो, माणूस आपल्यालाही परका नाही. हे मी आपाला सांगितले. ती म्हणाली, "हवारी होते ते ठीक आहे. पोरगी कुठे झोपते ते विचार."

वाटेवर यात्रेकरूंसाठी स्वस्त धर्मशाळा असतात, एका खोलीत दहा-वीस पलंग. जमेल तिथे दोघी फक्त बायकांच्या खोलीत उतरत, नाहीतर वेगळी खोली घेत. खाण्याचाही प्रश्न होता, कारण तिथल्या बटाटा-कोबीच्या रश्श्यातसुद्धा डुकराच्या मांसाचा तुकडा असतो. विचारल्याशिवाय वाटी उचलायची नाही हा नियम. मासळी मात्र भरपूर, आणि तिथला ऑक्टोपस प्रसिद्ध आहे. तो शाफईंना चालतो, मोरोक्कोच्या मालिकींनाही चालतो. हनफी वाचकांनी माफ करावे.

कामिन्या गावात पोर्तुगाल संपतो. मिन्यो नदीचे मुख छोट्या होडीने ओलांडायचे. दहा-पंधरा मिनिटांचा प्रवास, पण पलीकडे स्पेनचे घड्याळ एक तास पुढे. जूनच्या अखेरीस तिथे सूर्य रात्री सव्वादहाच्या सुमाराला मावळतो. इशासाठी मध्यरात्र व्हायची आणि पहाटे पुन्हा चालायचे. आता मात्र ती खरीखुरी मुसाफिर होती. मग्रिब-इशा एकत्र पढून झोपायची मुभा मिळाली तेव्हा तिने मला फक्त 'अल्हम्दुलिल्लाह' एवढेच लिहिले.

विगोपासून पुढचे सगळे अंतर तिने सुटीत सलग चालायचे ठरवले. सांतियागोत शिरण्याआधी मी तिला एक जुना किस्सा सांगितला. खरे तर सांगू की नको असे झाले होते.

९९७ मध्ये अंदलुसचा हाजिब अल-मन्सूर याने या शहरावर स्वारी केली. त्याच्या फौजेचा एक भाग जहाजांतून पोर्तोला उतरला आणि तिथून उत्तरेला गेला. म्हणजे बऱ्याच अंशी भाची गेली त्याच मुलखातून. शहर लुटले, चर्च पाडले. मुस्लिम इतिहासकारांनी लिहिले आहे की कबरीजवळ एक म्हातारा पाद्री एकटाच बसला होता. काय करतोस, असे विचारल्यावर तो म्हणाला, याकूबची सोबत करतो. अल-मन्सूरने त्याला आणि कबरीला हात लावू दिला नाही. हा भाग आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. पुढचा सांगत नाही. चर्चच्या घंटा ख्रिश्चन कैद्यांच्या खांद्यांवरून कोर्दोबाला नेल्या आणि तिथल्या जामा मशिदीत त्यांचे दिवे केले असे सांगतात. १२३६ मध्ये राजा फर्नांदोने कोर्दोबा घेतले, तेव्हा त्याच घंटा मुसलमान कैद्यांच्या खांद्यांवरून सांतियागोला परत पाठवल्या.

मी भाषेची शिक्षिका आहे, इतिहासाची नाही. पण उर्दूच्या पुस्तकांत पहिली फेरी वाचायची आणि दुसऱ्यांच्या पुस्तकांत दुसरी, हे बरोबर नाही. खांदे दोन्ही वेळा गरिबांचेच होते.

सांतियागोच्या चर्चमध्ये एक मूर्ती आहे. घोड्यावर बसलेले संत याकूब, हातात तलवार आणि घोड्याच्या टापांखाली मूर, म्हणजे आपलेच लोक. तिला 'मातामोरोस' म्हणतात, मूरांना मारणारा. ८४४ मध्ये क्लाविहो इथल्या लढाईत संत आकाशातून उतरून लढले अशी ती कथा. ती लढाई झालीच नाही असे आजचे इतिहासकार मानतात. जाळी टाकून देणाऱ्या एका मच्छीमाराच्या हातात माणसांनी तलवार दिली. मला भीती होती की भाची ते पाहून दुखावेल. तिने रात्री फोन केला. "खाला, खाली फुलंच फुलं ठेवली आहेत. टापांखालची माणसं दिसतच नाहीत." "झाकली आहेत," मी म्हटले. ती म्हणाली, "हो, माहीत आहे. मोरोक्कोवालीने वाकून बघितलं. मग आम्ही बाहेर येऊन भाकरीसारखा पाव खाल्ला."

फुलांनी झाकणे बरे की मूर्ती काढणे बरे? २००४ मध्ये ती हलवायचे ठरले होते, पण ते राहून गेले. मला विचाराल तर तिथे नीट लिहिलेली एक पाटी लावावी, की ही कथा केव्हाची आणि कशासाठी रचली. फुले रोज बदलावी लागतात.

शेवटचे निदान शंभर किलोमीटर चालून आलेल्याला चर्चचे कार्यालय लॅटिन भाषेतले प्रमाणपत्र देते. पण त्यासाठी चालण्याचे कारण धार्मिक किंवा आध्यात्मिक असावे लागते आणि ते तिथे विचारतात. रांगेत उभे राहून भाचीने मला मेसेज केला, काय सांगू? मी शाळेत होते, फोन पाहिला नाही. संध्याकाळी कळले की तिने फक्त अंतराचे प्रमाणपत्र घेतले. "खोटं कशाला बोलू," एवढेच तिने लिहिले होते. तो मेसेज मी आपाला वाचून दाखवला. आपा काही बोलली नाही, पण दुपट्ट्याने चष्मा पुसत बराच वेळ बसली.

चार दिवसांनी रात्री दहाच्या सुमाराला फोन आला. आपा त्या दिवशी माझ्याकडे मुक्कामाला होती. भाची फिनिस्तेरेला पोहोचली होती. तिथे वाटेचा शेवटचा दगड आहे, त्यावर अंतर शून्य लिहिलेले. मागे दीपगृह, खाली काळे खडक आणि उजेडाने भरलेला समुद्र. तिथे अजून लख्ख दिवस होता. तिने फोन फिरवून सगळे दाखवले. मी फोन हळूच आपाच्या हातात दिला.

दोघीही थोडा वेळ गप्प.

"नमाज झाली?" आपाने विचारले. अडीच महिन्यांतले पहिले वाक्य.

"आता पढते, अम्मी. जुहर-असर एकत्र."

तिने फोन दगडाला टेकवून ठेवला आणि खडकावर जाकीट पसरले. समुद्राकडे पाठ करून.

"अगं, उलटी कुठे उभी राहतेस?" आपा ओरडली. "दर्याकडे तोंड कर!"

आपाचा काही दोष नाही. आमच्या खाडीच्या गावात मशिदीच्या मेहराबमागे माडांची रांग आणि मागे समुद्र. घरातही मुसल्ला दर्याच्या बाजूलाच पसरतात. जन्मापासून तिचा किब्ला म्हणजे दर्या.

"अम्मी, इथून काबा पूर्वेला आहे. दर्या मागे राहतो."

आपाने फोन माझ्याकडे वळवून खात्री करून घेतली. मी मान डोलावली. मग ती स्वतःशीच म्हणाली, "म्हणजे ही आपल्या बाजूला तोंड करते."

भाचीने कस्रच्या दोन-दोन रकात पढल्या. आपा पूर्ण वेळ फोन धरून बसली, बोटाने कॅमेरा झाकला जाऊ नये म्हणून कडा धरून. सलाम फिरवून पोरगी उठली तेव्हा जराशी लंगडत होती.

"फोड आले?"

"दोन आहेत."

"खोबरेल लाव."

"इथे खोबरेल कुठून मिळणार, अम्मी?"

"मग जैतूनचं लाव. ते तर तिथे पाण्यासारखं वापरतात ना?"