‘दिसलाच नाही’ : सायकलीचा रिफ्लेक्टर आणि अर्धा राहिलेला कायदा

मा. संपादक,


आपल्या पानावर बहुधा चर्चचे सण, संस्थांच्या निवडणुका, दफनभूमीचे प्रश्न यांवर पत्रं येतात. मी आज सायकलीवर लिहितो आहे. विषय किरकोळ वाटेल, पण शेवटपर्यंत वाचावं ही विनंती.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. माझा एक जुना विद्यार्थी रात्रपाळीची राखण संपवून पहाटे सायकलीनं तलमडुगुकडे परत येत होता. अंगावर काळं घोंगडं, सायकल वडिलांच्या वेळची, रस्त्यावर धुकं. मागून आलेल्या जीपनं धक्का दिला. मांडीचं हाड मोडलं, जीव वाचला. जीपवाला पळून गेला नाही. त्यानंच उचलून दवाखान्यात नेलं. तो पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होता, "साहेब, दिसलाच नाही हो." माझा त्याच्यावर विश्वास बसला. तो खोटं बोलत नव्हता.

मला टोचलं ते निराळंच. याच पोराला मी आठवीत प्रकाशाचं परावर्तन शिकवलं होतं. आरसा, किरण, कोन, सगळं फळ्यावर काढून दाखवलं. बाहेर झाडाखाली त्याची सायकल रोज उभी असायची. तिच्या मागच्या मडगार्डवर लाल काच आहे की नाही, हे मी एकदाही पाहिलं नाही.

आता कायदा काय सांगतो ते पाहू. मोटारींना, ट्रकांना, मोटरसायकलींना रिफ्लेक्टर सक्तीचे आहेत. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत तसं कलमच आहे. सायकल मात्र 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत वाहनच ठरत नाही. तिला नंबर नाही, लायसन नाही, तपासणी नाही. पूर्वी गावोगावच्या नगरपालिका सायकलीवर कर घेत, पत्र्याचा बिल्ला देत, आणि रात्री बत्तीवाचून फिरणाऱ्याला पोलीस अडवत. माझ्या वयाच्या वाचकांना ते आठवत असेल. ते गेलं, आणि त्याच्या जागी फार काळ काही आलं नाही.

मग 2020 साली केंद्र सरकारच्या उद्योग आणि अंतर्गत व्यापार संवर्धन विभागानं सायकलींच्या रिफ्लेक्टरसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला. सायकलीवरचे रिफ्लेक्टर भारतीय मानक ब्युरोच्या मानकाप्रमाणेच असले पाहिजेत, त्यावर ब्युरोची खूण पाहिजे, असा त्याचा अर्थ. समोर पांढरा, मागे लाल, पॅडलांना आणि चाकांच्या आऱ्यांना पिवळट, असे सगळे मिळून साधारण दहा. लुधियानाच्या कारखानदारांनी अडचणी मांडल्या, मुदती वाढत गेल्या, आणि अंमल सुरू व्हायला 2023 साल उजाडलं. अमेरिकेत नव्या सायकलीवर रिफ्लेक्टर 1976 पासून सक्तीचे आहेत. म्हणजे आपण जवळजवळ अर्धं शतक मागे होतो. तरी उशिरा का होईना, चांगलं झालं.

पण हा आदेश कारखान्याच्या फाटकापर्यंतच पोचतो. तो बनवणाऱ्याला आणि विकणाऱ्याला बांधतो. तलमडुगुच्या, जैनदच्या किंवा किनवट भागातल्या रस्त्यांवर पहाटे कोण सायकल चालवतो ते पाहा. दूधवाला, जिनिंगचा मजूर, राखणदार, कापूस वेचायला जाणारी बाई. त्यांची सायकल नवी नसते. ती वडिलांची असते, नाहीतर जुन्या बाजारातली. मागच्या मडगार्डची पांढरी शेपटी केव्हाच गंजलेली, त्यावरची लाल काच फुटलेली. ज्याला सगळ्यात जास्त गरज, त्याच्यापर्यंत कायदा पोचतच नाही. म्हणून मी त्याला अर्धा कायदा म्हणतो.

हे काम किती महत्त्वाचं आहे, त्याचा हिशोब सोपा आहे. ताशी 60 किलोमीटर वेगानं जाणारी गाडी एका सेकंदात जवळपास 17 मीटर पुढे जाते. चालकाला दिसणं, त्याचा पाय ब्रेकवर जाणं आणि गाडी थांबणं, यात रस्ता कोरडा असला तरी 40 मीटर सहज जातात. खाली वळवलेल्या दिव्यात काळ्या कपड्यातला माणूस 25-30 मीटरांवर आल्यावर दिसतो. म्हणजे दिसला तेव्हा उशीर झालेला असतो. चांगला रिफ्लेक्टर शंभर मीटरांच्या पलीकडून चमकतो. ‘दिसलाच नाही’ आणि ‘दिसला, थांबलो’ यांच्यात एवढंच अंतर आहे. केंद्राच्या अहवालाप्रमाणे 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं मेली; त्यांत सायकलस्वार साडेचार हजारांहून जास्त.

एक गैरसमज मात्र काढला पाहिजे. आपल्याकडं लोक याला ‘रेडियम’ म्हणतात. नावामुळं वाटतं की ते अंधारात आपोआप चमकतं. तसं नाही. त्यात रेडियम नसतं आणि स्वतःचा उजेडही नसतो. आरसा प्रकाश दुसरीकडे फेकतो; रिफ्लेक्टरच्या आतले बारीक कोन प्रकाश ज्या दिशेनं आला तिकडेच परत पाठवतात. म्हणून तो दिवा लावून येणाऱ्या चालकालाच दिसतो. धुळीनं माखला, वाकडा बसला, कॅरिअरवरच्या पोत्यामागे झाकला गेला, की संपलं. समोरून बिनदिव्याची बैलगाडी आली, तर तिला तो काही सांगत नाही. तेव्हा रिफ्लेक्टर म्हणजे दिवा नव्हे. दोन्ही असावेत, एकच जमत असेल तर निदान हा तरी असावा.

आता चालू घडामोडींकडे येतो. 2019 च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम 138 (1अ) आलं. बिनइंजिनाच्या गाड्या आणि पायी चालणारे यांच्याबाबत राज्यांनी नियम करावेत, असा अधिकार त्यात आहे. बरीच वर्षं तो कागदावर पडून होता. ऑक्टोबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राज्यांना सांगितलं की सहा महिन्यांत हे नियम करा. त्याच निकालात डोळे दिपवणाऱ्या दिव्यांवरही न्यायालयानं बोट ठेवलं आहे. म्हणजे सायकल पुन्हा कायद्यात येणार. प्रश्न आहे तो कशी येणार, याचा.

मला भीती दंडाची वाटते. नियम करणाऱ्याला सगळ्यात सोपं काय? रिफ्लेक्टर नाही, काढ दंड. पहाटे चौकात दूधवाल्याला उभं करून पावती फाडायची. त्याहून वाईट म्हणजे, उद्या अपघात झाला की विमा कंपनीचा वकील म्हणेल, याच्या सायकलीला रिफ्लेक्टर नव्हता, चूक याचीही आहे, भरपाई कापा. ही भीती आजची नाही. इंग्लंडमध्ये मागच्या शतकाच्या पूर्वार्धात सायकलीला मागचा दिवा सक्तीचा करायचं निघालं, तेव्हा तिथल्या सायकलस्वारांच्या संघटनेनं याच कारणासाठी विरोध केला होता : समोर पाहून गाडी चालवणं मोटारवाल्याचं काम, त्याचं ओझं आमच्या माथी का? शेवटी महायुद्धातल्या अंधारानं निकाल लावला, आणि 1945 च्या कायद्यानं मागचा दिवा कायमचा सक्तीचा झाला. मला वाटतं, दोन्ही बाजूंचं खरं होतं. मोटारवाल्याची जबाबदारी तसूभरही कमी होत नाही. पण जबाबदारी कोणाची हे ठरेपर्यंत मरतो तो सायकलवालाच.

यावर पवित्र शास्त्रात एक फार व्यवहारी दाखला आहे. अनुवादाच्या पुस्तकात, बाविसाव्या अध्यायात, नवं घर बांधणाऱ्याला आज्ञा आहे की गच्चीला कठडा कर, नाहीतर कोणी पडला तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. आपण हे वाचन बहुधा भरभर पुढं ढकलतो. पण पाहा, तिथं पडणाऱ्याला दंड सांगितलेला नाही. ज्याच्या हातात कठडा बांधणं आहे, त्याला जबाबदार धरलं आहे. 2020 च्या आदेशानं कारखानदाराला कठडा बांधायला लावला, हे योग्यच. पण जुन्या सायकलींच्या गच्चीला कठडा कोणी बांधायचा? ज्याला तो परवडतो आणि ज्याला गरज कळली आहे, त्यानं. म्हणजे सरकारनं, आणि आपणही.

म्हणून राज्यांनी नियम करताना तीन गोष्टी कराव्यात असं माझं मत आहे. पहिली, दंडाच्या आधी वाटप : पंचायत, शाळा आणि कापसाच्या मार्केट यार्डात जुन्या सायकलींना आणि बैलगाड्यांना रिफ्लेक्टर फुकट लावून द्यावेत. दुसरी, पोलिसानं सायकल अडवली तर पावतीऐवजी पट्टी चिकटवावी. तिसरी, रिफ्लेक्टर नाही म्हणून भरपाई कापता येणार नाही, हे नियमात स्पष्ट लिहावं.

आणि आपण? आगमनकाळ आला की आपण चर्चमध्ये रविवारी एकेक मेणबत्ती लावतो. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला आसपासच्या वाड्यांतून लोक सायकलीनं येतात आणि दोन वाजता थंडीत, शालीत गुरफटून, पोरांना पुढच्या दांडीवर बसवून परत जातात. त्या चार रविवारांपैकी एका रविवारी मिस्सानंतर चर्चच्या अंगणात सायकली उभ्या कराव्यात. तरुणांनी फडकं आणि पट्ट्या घेऊन बसावं : मागे लाल, पुढे पांढरी, पॅडलांना आणि आऱ्यांना पिवळी. एका सायकलीचा खर्च आपल्या एका वेळच्या चहाफराळाएवढा. फादर आणि सिस्टर नाही म्हणणार नाहीत. आणि सायकल फक्त आपल्या माणसाचीच पाहू नये. चांगल्या शोमरोन्यानं पडलेल्याची जात विचारली नव्हती. आपण तर तो पडायच्या आधीच पोचू शकतो.

जाता जाता एक कामाची गोष्ट. धडक देऊन गाडी पळून गेली आणि तिचा पत्ता लागला नाही, तर 1 एप्रिल 2022 पासून मृत्यूसाठी 2 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी 50,000 रुपये भरपाईची केंद्राची योजना आहे. अर्ज महसूल कचेरीत करायचा. पुष्कळ घरांना हे माहीतच नसतं. कृपया सांगा.

माझा विद्यार्थी आता काठी घेऊन चालतो. परवा त्याच्या घरी गेलो होतो. ती सायकल भिंतीला टेकून होती, आता त्याचा मुलगा ती शाळेला नेतो. मी खिशातून लाल पट्टी काढून मागच्या मडगार्डवर चिकटवली. तो हसून म्हणाला, "सर, आठवीतलं राहिलेलं प्रॅक्टिकल आज केलंत." खरं आहे. फार उशिरा केलं. वाचकांनी तेवढा उशीर करू नये.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
तलमडुगु, जि. आदिलाबाद